माईंच्या नावाची पिशवी

तुमच्या कुत्र्याने थोड्या वेळापूर्वी व्हिटॅमिनच्या गोळ्या खाल्ल्या असतील आणि म्हणून तुम्ही हे वाचायला घेतलं असेल, तर वाचणं थांबवा आणि आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. हे लिखाण कुठे पळून जात नाही. फोन करताना गोळ्यांची बाटली हातात धरा, कारण पहिला प्रश्न तिच्यावर काय लिहिलंय हाच असतो. बाटली सापडत नसेल, कारण ती तुम्हीच फेकून दिली आहे, तर तुम्ही माझ्याच पंथातले. मग फोन झाल्यावर हे नक्की वाचा.

माझं नाव स्मिता. २००६ साली आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. मी, नवरा शिरीष, तेरा वर्षांची मुक्ता आणि ढब्बू नावाचा बीगल जातीचा कुत्रा. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्यांना सांगायच्या. या कामात मी चांगली आहे, घरातही हेच करते असं शिरीष म्हणतो.

ढब्बूबद्दल एवढंच सांगते की त्याला पोट भरल्याचं कळत नाही. आमच्याकडे आल्यापासून त्याने शिरीषचा एक टाय, गणपतीतला नारळ शेंडीसकट आणि एक अख्खी रबरी चप्पल खाल्ली होती आणि तिन्ही वेळेला काही झालं नव्हतं. त्यामुळे हा काहीही पचवतो, असा माझा ठाम समज होता.

बॅगा भरणारी बाई

दर दोन वर्षांनी डिसेंबरात आम्ही भारतात जायचो आणि बॅगा भरणं हे माझं खातं होतं. त्यात मी कुणाला हात लावू देत नसे. बाथरूममधला वजनकाटा पाहुण्यांच्या खोलीत आणायचा, बॅग त्यावर उभी करायची आणि काटा विमान कंपनीच्या मर्यादेच्या रेघेवर थरथरला की थांबायचं. आजवर विमानतळावर माझी बॅग कधी उघडावी लागली नाही, हे मी चारचौघांत सांगत असे.

गोळ्यांच्या बाटल्या मी कधीच नेल्या नाहीत. बाटलीत निम्मी हवा आणि वर कापसाचा बोळा, त्याला जागा कोण देणार? गोळ्या मोजून झिपच्या पिशवीत ओतायच्या, हवा दाबून काढायची आणि मार्करने पिशवीवर माणसाचं नाव लिहायचं. नागपूरला सासूबाई, म्हणजे माई, त्यांच्यासाठी कॅल्शियम. पुण्याला माझी ताई, तिच्या गुडघ्यांसाठी आणखी काहीतरी. तिकडच्या गोळ्यांना जोर असतो, असं सगळ्यांचं म्हणणं, आणि अमेरिकेतल्या बाईने रिकाम्या हाताने यायचं नसतं, हे माझं. वापरलेल्या पिशव्या परत आणायच्या, धुवायच्या, सिंकवर उलट्या वाळत घालायच्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा वापरायच्या. ‘आई, दे कॉस्ट नथिंग,’ असं मुक्ता म्हणायची. मी धुवत राहायची.

त्या वर्षी नोव्हेंबरात ताईच्या मुलीचा, गौरीचा, फोन आला. तिला दिवस गेले होते.

“मावशी, फक्त तुला सांगतेय. आईलाही नाही. तीन महिने होऊ देत.”

तीन महिने पुरे होईपर्यंत सांगू नये, हे आपल्याकडे असतंच. पण गौरीचं कारण वेगळं होतं. आधी दोनदा तिने आनंदाने सगळ्यांना सांगितलं होतं आणि दोन्ही वेळेला काही आठवड्यांनी सगळ्यांना पुन्हा फोन करून दुसरंच सांगावं लागलं होतं. मी म्हटलं, माझ्या तोंडून अक्षर बाहेर पडणार नाही, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन गरोदर बायकांच्या व्हिटॅमिनची बाटली घेतली.

आता ती न्यायची कशी? पुण्याला पोचलं की बॅगा ताईच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत उघडतात. गौरीच्या नावाची गोळ्यांची पिशवी दिसली की ताईने दहा प्रश्न विचारले असते. पण नागपूरच्या सामानाला पुण्यात कुणी हात लावत नाही. म्हणून मागच्या खेपेची एक जुनी पिशवी काढली, जिच्यावर ‘माई’ असं पुसट झालेलं नाव होतं, आणि तीत बाटलीतल्या पन्नासच्या पन्नास गोळ्या मोजून भरल्या. माईंचं खरं कॅल्शियम, तेही पन्नास गोळ्या, नव्या पिशवीत, दुसऱ्या बॅगेत गेलं. बाटली रिसायकलिंगमध्ये टाकली. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

शनिवार सकाळ

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आठच्या सुमारास मुक्ताने वरून हाक मारली. पाहुण्यांच्या खोलीत एक बॅग आडवी पडली होती, ताईसाठी घेतलेली चॉकलेटं तशीच होती, आणि ढब्बू गालिच्यावर बसून एक फाटकी पिशवी आतून चाटत होता. पिशवी पूर्ण रिकामी होती. तिच्यावर ‘माई’ असं लिहिलेलं दिसत होतं.

मी आधी काय केलं असेल, तर मुक्तावर ओरडले. “दार उघडं कुणी टाकलं? किती वेळा सांगितलंय, बॅगा आहेत तिथे.” ती म्हणाली, “आय डिडन्ट.” मी म्हटलं, मग काय ढब्बूने किल्लीने उघडलं?

मग आमच्या नेहमीच्या दवाखान्यात फोन केला. फोनवरच्या मुलीने शांतपणे विचारलं, काय खाल्लं?

“कॅल्शियम,” मी म्हटलं. “साधं कॅल्शियम. पन्नास गोळ्या.”

“बाटली समोर आहे का?”

“बाटली नाही, पण मी स्वतः भरल्यात.”

“नक्की कॅल्शियमच ना? त्यात दुसरं काही?”

“हंड्रेड पर्सेंट.”

तिने डॉक्टरला विचारून सांगितलं की नुसतं कॅल्शियम असेल तर पोट बिघडेल, पाणी द्या, लक्ष ठेवा, रक्त दिसलं किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर घेऊन या. यात तिचं काही चुकलं नाही, हे मला स्पष्ट सांगायचंय. तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळेला मी चुकीचं उत्तर ठणकावून दिलं.

अर्ध्या तासाने पहिली उलटी झाली, मग दुसरी, तिसरी. तिन्ही मी पुसल्या आणि तिन्हींत गुलाबी-तपकिरी काहीतरी होतं. कॅल्शियमच्या गोळ्या पांढऱ्याशुभ्र असतात. ऑफिसात कुणाच्या प्रोग्रॅममध्ये असं काही दिसलं असतं, तर मी त्या माणसाला जेवायला जाऊ दिलं नसतं. इथे मी स्वतःलाच समजावलं, की त्याच्या खाण्यात ते लाल दाणे असतात, त्यांचा रंग असेल. दुपारपर्यंत जुलाबही झाले, काळसर. आणि एकच्या सुमारास सगळं थांबलं. ढब्बू उठला, पाणी प्यायला, शिरीषच्या पायाशी जाऊन बसला आणि शेपूट हलवायला लागला.

“बघ,” शिरीष म्हणाला, “झाला बरा. चप्पल पचवलेला गडी आहे तो.”

दुसरी पिशवी

तीन वाजता मी बॅगा पुन्हा लावायला बसले. बुधवारचं विमान होतं. माईंची पंचाहत्तरी नागपूरला थाटात करायची होती, तीस माणसं जेवायला सांगितली होती. माईंच्या गोळ्या गेल्या, तर आता नवीन आणायला हव्यात, असं मनाशी म्हणत मी दुसरी बॅग उघडली. साडीच्या घडीत हात घातला आणि झिपची पिशवी लागली. नवीकोरी. तिच्यावर माझ्याच ठळक अक्षरात ‘माई’. आत पांढऱ्याशुभ्र जाड गोळ्या, एकही कमी नाही.

मी किती वेळ ती हातात धरून बसले होते ते आठवत नाही. पुण्याच्या लोकांना फसवायला मी जी युक्ती केली होती, तिला पहिली मीच फसले होते.

गरोदर बायकांच्या गोळ्यांत लोह असतं, हे मला ठाऊक होतं, कारण त्यासाठीच त्या घेतल्या होत्या. लोहाचं कुत्र्याला काय होतं, ते ठाऊक नव्हतं. मी खाली आले. ढब्बू उन्हाच्या पट्ट्यात आडवा होऊन झोपला होता, पोट संथ वर-खाली होत होतं.

“शिरीष, गाडी काढ. ते कॅल्शियम नव्हतं.”

“अगं पण आता तो ठीक आहे.”

“गाडी काढ.”

इथे एक कबूल करते. एक क्षणभर मलाही वाटलं होतं, की आता बरा दिसतोय तर कशाला? सकाळी एवढं ठणकावून सांगितल्यावर आता त्याच मुलीला फोन करून ‘मी चुकीचं सांगितलं’ म्हणायचं, याची मला लाज वाटत होती. कुत्र्याचा जीव आणि माझी लाज अशी तुलना मी काही सेकंद का होईना केली. तुमच्यावर ही वेळ आली तर ते सेकंद वाचवा.

गाडीतून मी फोन केला. तिने “ओह” एवढंच म्हटलं आणि मग भराभर एका इमर्जन्सी हॉस्पिटलचा पत्ता सांगितला.

काउंटरवर

ते हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं. मुक्ता मागच्या सीटवर ढब्बूला मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरायला लागली.

“व्हॉट डिड ही ईट?”

“प्रीनेटल व्हिटॅमिन्स. पन्नास.”

तिने लिहून घेतलं. “आर दे युअर्स?”

माझ्या शेजारी शिरीषच्या हातातून ढब्बूचा पट्टा सुटला. मुक्ता दोन पावलं पुढे आली.

“आई, आर यू प्रेग्नंट?”

मी पंचेचाळीस वर्षांची होते. वेटिंगमध्ये एक आजोबा मांजराची पेटी घेऊन बसले होते, त्यांनीही मान वर केली.

“नाही,” मी म्हटलं. “गौरीच्या आहेत.”

अशा रीतीने माझ्या तोंडून अक्षर बाहेर पडलं. शिरीषने “गौरी?” एवढंच विचारलं आणि माझा चेहरा बघून पुढचे प्रश्न गिळले. मुक्ता म्हणाली, “बट दॅट्स गुड न्यूज. व्हाय इज इट अ सीक्रेट?” मी तिला आधीच्या दोन वेळांबद्दल सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “आय वोन्ट टेल एनीवन.” सकाळच्या ओरडण्यानंतर ती माझ्याशी मायेने बोललेली ती पहिली गोष्ट.

डॉक्टर एलेन नावाच्या होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, जुन्या पिशवीसकट. त्यांनी मला अजिबात बोल लावला नाही. त्या म्हणाल्या, “बरीच माणसं दुसरा फोन करत नाहीत. तुम्ही केलात.” मग त्यांनी सांगितलं की जास्त लोह पोटात गेलं की आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास जनावर बरं झाल्यासारखं दिसतं, आणि तेवढ्यात ते लोह रक्तातून यकृताकडे निघालेलं असतं. आता जो बरा दिसतोय, त्यावर जाऊ नका.

एका गोळीत लोह किती, हे त्यांना हवं होतं. बाटली तर कधीच गेली होती. मी शिरीषला तसंच औषधाच्या दुकानात पिटाळलं. पंधरा मिनिटांनी त्याचा फोन आला. तो कपाटासमोर उभा राहून लेबल वाचत होता.

“व्हिटॅमिन ए... व्हिटॅमिन सी... फोलिक ॲसिड...”

“शिरीष, आयर्न सांग.”

“येतोय ना तिथपर्यंत. खूप बारीक छापलंय यार.”

त्याने आकडा सांगितला. डॉक्टरांनी तो पन्नासने गुणला, ढब्बूच्या वजनाने भागला आणि पेन खाली ठेवलं. त्या काही बोलायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं.

लाल रंगाची आनंदाची बातमी

एक्स-रेत पोटामध्ये गोळ्यांचा एक लगदा चिकटून बसलेला दिसला. ढब्बूला गुंगी देऊन पोट धुतलं. सलाईन लावलं आणि रक्तातलं लोह पकडून बाहेर काढणारं औषध सुरू केलं. तिथल्या नर्सने आम्हाला बजावलं की या औषधाने लघवी लालसर होईल, घाबरू नका, तसं झालं तर लोह बाहेर पडतंय असं समजा.

भेटायची वेळ सकाळी अकरा आणि दुपारी चार, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. पिंजऱ्यावर एक कार्ड अडकवलेलं होतं. त्यावर नाव, वजन आणि खाली जाड अक्षरात खाल्लेल्या औषधाचं नाव. पिंजऱ्यात कोण आहे आणि त्याने काय घेतलंय, दोन्ही एका नजरेत कळत होतं. इतकी साधी गोष्ट मला बॅगा भरताना सुचली नव्हती.

रविवारी अकराला आम्ही गेलो तेव्हा नर्स धावत आली आणि म्हणाली, “इट्स रेड!” आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. कुत्र्याची लाल लघवी झाली म्हणून हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी कुणाला मिठी मारेन, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण त्या नर्सला मी मिठी मारली.

सोमवार

सोमवारी रक्ततपासणीत यकृताचा आकडा चढला. रविवारी थोडा वाढला होता, सोमवारी सकाळी दुप्पट. अकराला मुक्ताने हाक मारली तर ढब्बूने मान उचलली नाही, फक्त डोळे फिरवले. त्याच्या हिरड्या पांढरट पडल्या होत्या. मुक्ता त्या दिवशी शाळेत गेली नव्हती आणि मीही तिला जा म्हटलं नव्हतं.

डॉक्टर एलेन एक कागद घेऊन आल्या. त्यांना विचारणं भाग होतं, असं म्हणाल्या. हृदय थांबलं, तर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा का? हो की नाही, यावर खूण करायची होती. मी रोज कुणाकुणाच्या कामावर ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिते. त्या कागदावर मला खूण करता येईना. शिरीष भिंतीकडे बघत होता.

“येस,” मुक्ता म्हणाली. “लिही ना, आई. येस.”

तिने ‘लिही’ मराठीत म्हटलं म्हणून असेल, मला रडू आलं. मी खूण केली, सही केली आणि मग तिथेच, पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसून, तिला सांगितलं की शनिवारी दार मीच उघडं टाकलं होतं. वजनकाटा न्यायला सकाळी मी गेले होते, दोन्ही हातांत काटा होता म्हणून दार तसंच राहिलं. हे मला शनिवारी दुपारीच आठवलं होतं आणि दोन दिवस मी ते पोटात ठेवलं होतं.

“आय न्यू,” ती म्हणाली. “आय सॉ यू.”

तिने मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. पंधरा मिनिटं संपली. त्या दिवशी नर्सने आम्हाला वेळ संपल्याचं सांगितलं नाही. आम्ही चारपर्यंत तिथेच होतो.

नागपूरला फोन

मंगळवारी सकाळी आकडा चढायचा थांबला. खाली आला नव्हता, पण थांबला होता, आणि ढब्बूने मुक्ताच्या तळहातावरून दोन घास खाल्ले. डॉक्टर म्हणाल्या, असंच राहिलं तर गुरुवारी घरी. पण पुढचे सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. पोटाला आतून जखम झालीय, ती भरताना आक्रसली तर अन्नाची वाट बंद होऊ शकते. दिवसातून पाच वेळा मऊ, थोडंथोडं खाणं, औषधं आणि उलटी झाली की ताबडतोब फोन.

विमान बुधवारी होतं. शिरीष म्हणाला, शेजारच्या काकूंकडे ठेवू. काकू भल्या आहेत, पण त्यांना कुत्र्याची भीती वाटते. मुक्ता म्हणाली, मी राहते. तिला एकटीला ठेवणार कशी, आणि माईंना नातीचंच तोंड बघायचं होतं. राहायचं कुणी, हे तसं उघडच होतं. प्रश्न फक्त माईंना सांगायचं कसं, हा होता.

माईंचं कुत्र्यांशी कधी जमलं नाही. कुत्र्याची जागा फाटकाबाहेर, असं त्यांचं मत. ढब्बूचा उल्लेख त्या ‘ते कुत्रं’ असाच करायच्या. पंचाहत्तरीला एकुलती एक सून ‘त्या कुत्र्यासाठी’ येणार नाही, हे ऐकून त्या काय म्हणतील, याची सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती. फोन लावला तेव्हा तिकडे रात्र झाली होती.

“काय खाल्लं त्याने?” त्यांनी विचारलं.

“व्हिटॅमिनच्या गोळ्या, माई. पिशवी फोडून.”

“कुणाच्या होत्या?”

गौरीचं नाव मी आता घेणार नव्हते. “पिशवीवर तुमचं नाव होतं,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या वाटचं त्याने खाल्लं.”

“हो.”

“मग तू त्याच्यापाशी बस, स्मिता. मी कुठे पळून जातेय? पुढच्या वर्षी ये. तेव्हा शहात्तरावं करू.”

मी तयार ठेवलेली सगळी उत्तरं तशीच राहिली.

सहा आठवडे

शिरीष आणि मुक्ता बुधवारी गेले. जाण्याआधी शिरीषने कोंबडी उकडून, भाताबरोबर कालवून, डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवली, कारण मी तोवर जन्मात कधी कोंबडीला हात लावलेला नव्हता. आठ दिवसांत ते डबे संपले. नवव्या दिवशी मी दुकानात जाऊन कोंबडी आणली, खिडकी उघडी टाकून, नाकाला ओढणी बांधून उकडली. बाहेर बर्फ होता आणि घरात मी अशी. ढब्बू माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होता की मला दुसऱ्या दिवशी ओढणी बांधावीशी वाटली नाही.

उलटीच्या भीतीने मी सतत जागरूक होते, पण उलटी झाली नाही. एकदा ढब्बूला नुसता खोकला आला, तरी मी फोन केला. डॉक्टर एलेन हसल्या नाहीत, त्यांनी नीट विचारलं. तुम्हीही असाच फोन करा. आपण मूर्ख दिसू, अशी चिंता करणारे लोक त्यांच्याकडे रोज येतात, त्यांना त्याची सवय असते.

गौरीला मी काही दिवसांनी सगळं सांगितलं, गुपित दोघांना कळल्याचंही. ती आधी हसली, मग म्हणाली, “मावशी, अगं त्या गोळ्या इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच लिहून दिल्यात.” मी फोन ठेवला आणि माझी रिकामी बॅग पलंगाखाली सारली. जानेवारीत तिचे तीन महिने पूर्ण झाले, तिने ताईला सांगितलं, आणि जुलैत तिला मुलगी झाली.

आता माझी पद्धत सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोग होईल. बाटली जड होते म्हणून न्यायची नसेल तर नेऊ नका, पण तिचं लेबल कापून पिशवीत घाला. पिशवीवर आधी औषधाचं नाव, मग माणसाचं. बाटली स्वतः घरी, वरच्या फडताळात, प्रवास संपेपर्यंत. गोळ्या कुत्र्याला दिसणार नाहीत अशा नव्हे, तर तो उडी मारून पोचणार नाही अशा ठेवा. बीगल असेल तर त्याहूनही वर. डॉक्टरने सांगितल्याशिवाय घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. आणि कुणी ‘नक्की ना?’ असं दुसऱ्यांदा विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी जाऊन बघून या.

शिरीष आणि मुक्ता परतले तेव्हा नागपूरची बॅग मी उघडली. माईंनी माझ्याच पिशव्या धुऊन, भरून पाठवल्या होत्या. प्रत्येकीवर आतल्या जिनसाचं नाव, बॉलपेनने, शाळेतल्या वळणाच्या अक्षरात. ‘मेतकूट’. ‘उपवासाची भाजणी’. ‘थालिपीठाची भाजणी’. पिशवीवर गोळ्यांचं नाव नव्हतं म्हणून घोळ झाला, हे मी त्यांना नंतर फोनवर सांगितलं होतं, आणि त्यातलं त्यांनी काय काय लक्षात ठेवलं होतं, ते मला तिथे कळलं. तळाशी, सगळ्यांत खाली, फुगलेली हलकी पिशवी होती. ती उचलून मी अक्षरं वाचली.

‘ज्वारीच्या लाह्या. मीठ नाही. ढब्बूसाठी. डॉक्टरला विचारून देणे.’

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी मी डॉक्टर एलेनना विचारलं. त्यांनी ढब्बूचं पोट दाबून पाहिलं, रक्ताचे आकडे पाहिले आणि म्हणाल्या, चालतील, थोड्या. घरी येऊन मी त्याला एकेक करून दहा लाह्या दिल्या. पुढच्या काही आठवड्यांत त्या संपल्या. पिशवी मी नेहमीप्रमाणे धुतली, सिंकवर उलटी वाळत घातली, आणि नंतर बाकीच्या पिशव्यांत ठेवायला गेले तर ठेववेना. पुढच्या खेपेला नागपूरला जाताना मी नव्या पिशव्यांचा डबा विकत आणला. ती एक मात्र स्वयंपाकघराच्या खणात तशीच ठेवली आहे, आणि तिच्यात अजून मी काही भरलेलं नाही.